साफ केलेले ठोके

ज्योत्स्ना तायडे अमरावतीच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. एक विषय तिला फार सुरेख शिकवता येतो, आणि नेमका तोच आता तिच्या जिवावर येतो. विषयाचं नाव वेव्हलेट ट्रान्सफॉर्म. पुस्तकी मराठीत वेव्हलेटला तरंगिका म्हणतात म्हणे, पण अमरावतीत कुणी तसं म्हटल्याचं अजून ऐकिवात नाही. वर्गातली अर्धी पोरं मोबाइलमध्ये आणि अर्धी स्पर्धा परीक्षेच्या गाइडात डोकं घालून बसलेली असतात. तरी ही बाई फळ्याशी उभी राहिली की मागच्या बाकावरचेही माना वर करतात, कारण ती सुरुवात विजेच्या मीटरपासून करते.

मीटर महिन्याच्या शेवटी सांगतं, इतके युनिट जळाले. पण लाइट कधी गेली, कधी आली, कधी डिम झाली, हे मीटरला विचारलं तर ते काही बोलत नाही. फूरिए ट्रान्सफॉर्म असंच एक मीटर आहे. सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत आणि किती जोराच्या, ते चोख सांगतं. कधी, ते त्याला ठाऊक नाही. मग ज्योत्स्ना फळ्यावर एक छोटीशी लाट काढते. उठते, खाली-वर होते आणि लगेच विझते. हीच वेव्हलेट. ती ताणली की संथ हालचाली पकडते, आवळली की चपळ हालचाली पकडते. ही लाट सिग्नलवरून सरकवत न्यायची. जिथे दोघांचा आकार जुळला तिथे आकडा मोठा येतो, नाही जुळला तिथे शून्याच्या आसपास राहतो. म्हणजे काय घडलं तेही कळतं आणि कधी घडलं तेही. इतकं सांगून झालं की पोरं खरोखर वहीत काहीतरी लिहितात.

मीटरचा हा दाखला तिच्या वडिलांचा. खुशालराव तायडे अकोल्यात लाइनमन होते. पोरगी इंजिनिअरिंगला असताना एकदा त्यांनी विचारलं होतं, ‘‘काय वाचून रायली व?’’ तिनं सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण जेवता जेवता म्हणाले, ‘‘म्हन्जे मीटर अन् लाइनमन. मीटर म्हन्ते किती, लाइनमन म्हन्ते कवा अन् कोन्या खांबावर.’’ ती खो खो हसली होती. पुढे तेच वाक्य तिनं वर्गात वापरलं, आणि तिच्या नावावर जमा झालं.

खुशालरावांची वस्ती रेल्वे लाइनीच्या पलीकडे. विहाराला लागून घर. वस्तीत इंजिनिअर दोन-तीन झाले होते, पण पीएच.डी. कुणी नव्हतं. ज्योत्स्नानं ती करायला घेतली तेव्हा वस्तीतल्या बायकांना वाटलं पोरगी डॉक्टर होते आहे, आणि खुशालरावांनी कुणाचा गैरसमज काढला नाही. खरं कारण साधं होतं. ती कॉलेजात तासाच्या बोलीवर शिकवायची. परीक्षा लागल्या की तास बंद, उन्हाळा लागला की तास बंद, आणि जूनमध्ये पुन्हा त्याच अर्जाच्या रांगेत उभं राहायचं. नावामागे डॉक्टर लागल्याशिवाय ही बोली सुटत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

गाइड मिळाले गावंडे सर. गृहस्थ वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. गावंडे सर फक्त घाईत असायचे. त्यांच्या हाताखाली इतके विद्यार्थी होते की एखाद्याचा विषय दुसऱ्यालाच समजावून सांगायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, ‘‘तू तीच ना, हार्टवाली?’’

हार्टवाली ती खरीच. विषय होता हृदयाचे आवाज. हृदय लब आणि डब असे दोन आवाज काढतं, आणि त्या दोघांच्या मध्ये शांतता असायला हवी. आतली झडप अरुंद झाली की रक्त तिच्यातून दाटीवाटीनं निघतं आणि त्या शांततेत फुसफुस ऐकू येते. तिला मर्मर म्हणतात. सरावलेला डॉक्टर ती नळी लावून ऐकतो. पण जिथे असा डॉक्टरच नाही, तिथे मशीननं ऐकावं आणि सांगावं, ह्याला मोठ्या दवाखान्यात पाठवा. ज्योत्स्नाच्या डोक्यात मेळघाटातली आरोग्य केंद्रं होती. कल्पना चांगली होती, हे तिच्या वाईटावर असलेल्यांनीही कबूल करावं.

काम असं चालायचं. आवाज रेकॉर्ड करायचा. वेव्हलेटनं त्याचे थर पाडायचे, दालमिलमध्ये एकाखाली एक चाळण्या असतात तसे. प्रत्येक थरात हजारो आकडे. त्यातले मोठे आकडे म्हणजे हृदय, बारीक आकडे म्हणजे कचरा: पंख्याची घरघर, कपड्याची घासाघीस, बाहेरचा ऑटो. मग एक मर्यादा ठरवायची, तिला थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणजे उंबरठा. त्याच्या खालचे आकडे शून्य करून टाकायचे आणि उरलेल्यांतून आवाज पुन्हा बांधायचा. साफ, स्वच्छ ठोके मिळतात. उंबरठा किती उंच ठेवायचा याची सूत्रं पुस्तकात आहेत, पण शेवटी तो हात माणसाचाच असतो.

आता माणसं कुठून आणायची? गावंडे सरांच्या लॅबमध्ये याची एक जुनी रीत होती, आणि ती इतकी मुरलेली होती की रीत आहे हेही कुणाला जाणवत नसे. बिघडलेली हृदयं दवाखान्यातून आणायची आणि धडधाकट हृदयं घरून. दवाखान्यातल्या रेकॉर्डवर डॉक्टरची सही असायची. घरच्या रेकॉर्डवर कुणाची असणार? काका, मावशी, शेजारी, घरमालक यांना खुर्चीत बसवायचं, ‘‘काही त्रास?’’ विचारायचं, ते ‘‘नाही’’ म्हणायचे आणि कसलीही तपासणी न होताच ते नॉर्मल व्हायचे. आपल्या घरचा माणूस आजारी असेल असं मनात तरी कोण आणतं?

बिघडलेल्या हृदयांची सोय कहकशाँनं केली. ती ज्योत्स्नाची अकरावी-बारावीची मैत्रीण, आता अकोल्याच्याच एका दवाखान्यात हृदयरोग बघायची. ड्यूटी संपली की ज्योत्स्नाला वॉर्डात घेऊन जायची, पेशंटची समजूत काढायची, त्यांच्याजवळ बसून राहायची. तिनंच एकदा सहज म्हटलं, ‘‘सुन ना, तुझे नॉर्मलवाले पण एकदा मला दाखव. अंकल-आंटीचं तर मी घरी येऊनच ऐकते. पाच मिनटं लागतात.’’

‘‘सबमिशन होऊ दे,’’ ज्योत्स्ना म्हणाली. ‘‘मग सगळ्यांचं ऐक, बिर्याणी पण आण.’’

खुशालरावांचं रेकॉर्डिंग घरातच झालं. पंखा बंद केला, खिडकी लावली, आईला, इंदूबाईंना, कुकर उतरवायला लावला. खुशालराव बनियन काढून सावधान बसले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एक संथ गुणगुण आली. ती घरातल्या विजेची होती, ती बहुतेक ठिकाणी येतेच. ज्योत्स्नानं सांगितलं तर ते खूश झाले. ‘‘पाय बरं! मी रिटायर झालो, पन लाइन माह्या छातीतून अजून चालूच हाय.’’

तिनं साऱ्या रेकॉर्डवर नॉर्मल-अॅबनॉर्मल वेगळे करणारा आपला प्रोग्राम चालवला. दवाखान्यातले पेशंट त्यानं बिनचूक ओळखले. घरचेही ओळखले. फक्त एक रेकॉर्ड तो दर वेळी चुकीच्या बाजूला टाकायचा. खुशालराव तायडे, अॅबनॉर्मल. तिनं पुन्हा चालवला. अॅबनॉर्मल. पुन्हा रेकॉर्डिंग घेतलं, तरी तेच. घरी फोन करून ती म्हणाली, ‘‘बाबा, मशीन म्हनते तुमी बिमार हा.’’

‘‘मशीनीले म्हन, खांबावर चढून दाखव,’’ तिकडून उत्तर आलं, आणि दोघंही हसली.

ती सरांकडे गेली. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ‘‘नॉइज आहे. थ्रेशोल्ड वाढव.’’

‘‘सर, पण ते बारीक आकडे प्रत्येक ठोक्यात त्याच जागी येताहेत. लब आणि डबच्या मध्ये.’’

‘‘तुझे वडील आजारी आहेत का?’’

‘‘नाही सर.’’

‘‘मग?’’

 या ‘मग’चं उत्तर ती स्वतःच वर्गात पोरांना शिकवायची. नॉइज वेळ पाळत नाही. पंखा, ऑटो, कपडा, कुणीही हृदयाच्या तालावर वाजत नाही. जे दर ठोक्याला त्याच ठिकाणी येतं, ते कितीही बारीक असलं तरी कचरा नसतं. ‘कधी’ हे सांगणारं गणित तिनं याचसाठी निवडलं होतं. पण सरांचा फोन वाजत होता, पेपर पाठवायची तारीख जवळ आली होती, आणि बाप नॉर्मल आहे या गोष्टीवर वाद घालायला कोणती मुलगी उभी राहील? तिनं उंबरठा वाढवला. दवाखान्यातल्या पेशंटांची फुसफुस दांडगी होती, ती टिकली. खुशालरावांची कोवळी होती, ती शून्य झाली. प्रोग्राम म्हणाला, नॉर्मल. निकालाचा आकडा वर चढला, सर म्हणाले, ‘‘बघ, म्हटलं नव्हतं?’’ आणि तिला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं की तिला स्वतःची किळस येते.

सबमिशन झालं. कहकशाँची पाच मिनटं आणि बिर्याणी दोन्ही राहून गेली.

मग आला ओपन व्हायवा. पीएच.डी.चा व्हायवा आमच्याकडे निम्मा परीक्षा असतो आणि निम्मा साखरपुडा. बाहेरगावच्या परीक्षकांना स्टेशनवरून आणा, शाल-श्रीफळ द्या, जेवणात भरीत आहे की नाही बघा. अकोल्याहून एक गाडी भरून वस्ती आली होती. खुशालराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. ज्योत्स्नानं मीटरपासून सुरुवात केली, तरंग ताणले, आवळले, थर पाडले, उंबरठा समजावला. परीक्षकांनी एकच बरा प्रश्न विचारला: ‘‘हे नॉर्मल सब्जेक्ट कुठून घेतले?’’

ती ‘‘व्हॉलंटिअर्स, सर’’ म्हणते न म्हणते तोच पहिल्या रांगेतून खुशालराव उठले. ‘‘त्यातला एक मी हावो, साहेब.’’ सारं सभागृह हसलं. परीक्षक खाली उतरले, त्यांनी खुशालरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘‘ठणठणीत दिसता.’’ कुणीतरी फोटो काढला. दाराशी पेढे वाटले गेले. परीक्षकांचा तो प्रश्न तिथेच विरघळला.

पुढे पक्की नोकरी लागली. ज्योत्स्ना अमरावतीत खोली घेऊन राहू लागली, शनिवारी अकोल्याला जायची. घरी प्रबंधाची प्रत भिंतीवरच्या फोटोंच्या खाली मांडून ठेवलेली, निळा कापडी पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं. पाहुणा आला की खुशालराव ती काढून आपलं पान दाखवायचे. त्यात नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. क्रमांकावर बोट ठेवून सांगायचे, ‘‘हा मी. नार्मल.’’

याच माणसाला हळूहळू विहाराच्या पायऱ्यांवर थांबावं लागू लागलं. बाजारातून पिशवी घेऊन येताना कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचे. छातीत आवळल्यासारखं होतं म्हणायचे, मग म्हणायचे काही नाही, गॅस हाय. इंदूबाई मागे लागल्या, दवाखान्यात दाखवा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘‘माह्या लेकीनं माह्या दिलावर पीएचडी केली. बाहेरगावच्या साहेबानं हात मियवला. अजून कोन्या डाक्टरले दाखवू?’’

इंदूबाईंनी मुलीला फोन केला. आणि मुलगी काय म्हणाली? म्हणाली, ‘‘आई, वय झालं त्यांचं. दिल त साफ हाय, मीच पाह्यलं ना.’’ हे वाक्य तिनं एकदा नाही, दोन उन्हाळे म्हटलं. आपल्याच हातानं पुसलेली पाटी वाचून ती आईला धीर देत होती.

ज्याचं आयुष्य खांबावर गेलं तो माणूस एका सकाळी घराच्या टाकीकडे जाणाऱ्या शिडीवर दोन पायऱ्या चढला आणि तिथूनच खाली आला. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात कहकशाँ त्यांच्या छातीला नळी लावून उभी होती. तिनं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग मान वर करून ज्योत्स्नाकडे पाहिलं, आणि पेशंटसमोर बोलायचं नसतं म्हणून तिला बाहेर पॅसेजमध्ये नेलं.

‘‘झडप लई अरुंद झाली, ज्योत्स्ना. नळी लावली की धडधडीत ऐकू येतं. हे कालचं नाही, सालों का है.’’ मग तिनं साधेपणानं विचारलं, ‘‘तुझ्या रेकॉर्डमध्ये आलं नव्हतं का?’’

‘‘आलं होतं,’’ ज्योत्स्ना म्हणाली. कहकशाँ तशीच आत जाऊन नागपूरची चिठ्ठी लिहायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

झडप बदलायला नागपूरला न्यायचं ठरलं. तारीख मिळाली. खुशालराव तोवर घरी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की पोरगी सारं पाहून रायली, काळजी नाही. तारीख उजाडायच्या आधीच एका दुपारी, चहा पिता पिता, ते गेले. कप अर्धा होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावंडे सर भेटायला आले. खुर्चीवर बसले, इंदूबाईंना नमस्कार केला, वेळेवर कळलं असतं तर, वगैरे बोलले. ज्योत्स्नानं त्यांना सांगितलं, ते आकडे आठवतात का सर, लब आणि डबच्या मधले. तिला वाटलं, हा माणूस आता मान खाली घालेल. निदान गप्प बसेल.  पण सरांच्या डोळ्यांत हळूच चमक आली.

‘‘म्हणजे आपलं अल्गोरिदम चुकलं नव्हतं, ज्योत्स्ना. लेबल चुकलं होतं. डॉक्टरांच्या कितीतरी आधी आपण पकडलं होतं! यावर फार चांगला पेपर होतो. तुझ्या वडिलांच्या नावानं अर्पण करू. फक्त दवाखान्याचे रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला तेवढा लागेल.’’

ज्योत्स्ना सरांशी आजवर नीट, छापील मराठी बोलत आली होती. त्या दिवशी ती बोलली तशी ती फक्त घरातच बोलायची. ‘‘सर, तुमी आता उठा अन् जा.’’

सर उठले. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं दाराशी कुणाला तरी समजावत गेले. त्यांचे मेसेज अजून येतात, ती उघडत नाही. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात तिचे वडील आजही ठणठणीत आहेत.

पुढच्या महिन्यात एका रविवारी, जेवणं झाल्यावर, इंदूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘‘तुह्या कम्पुटरात ह्यांच्या दिलाचा आवाज हाय म्हन्तात. मले ऐकव ना व.’’

लॅपटॉपवर दोन फाइली होत्या. एक मूळची, एक साफ केलेली. मूळच्या फाइलीत शेवटी खुशालराव विचारतात, ‘‘झालं का बेटा?’’ बंद खिडकीपलीकडून एक मोटारसायकल जाते. आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत, लब आणि डबच्या मध्ये, ती फुसफुस आहे. बारीक आहे, पण आहे. एकदा कानात शिरली की जात नाही. ज्योत्स्नाचं बोट त्या फाइलीवर बराच वेळ थांबलं. आईला नवऱ्याचा आवाज ऐकवायचा तर ही फाइल लावावी लागणार, आणि ही लावली तर आई विचारणार, हे मधात काय वाजून रायलं? आणि मग सांगावं लागणार.

तिनं दुसरी लावली.

लब डब, लब डब. स्वच्छ, ठसठशीत, मध्ये कोरी शांतता. इंदूबाई लॅपटॉपकडे कान करून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. त्यांच्या तोंडावर हसू आलं.

‘‘ते काई बोलले नाई का यात?’’

‘‘नाई आई. आवाज साफ केला ना, त्यात बोलनं गेलं.’’

‘‘जाऊ दे.’’ त्यांनी आणखी थोडं ऐकलं. ‘‘किती चांगलं चालून रायलं होतं व. काईच खराबी नाई.’’ मग डोळे उघडून त्यांनी लेकीकडे पाहिलं, डॉक्टर झालेल्या लेकीकडे, आणि विचारलं, ‘‘मंग काहून गेले ते?’’

फाइल संपली.

‘‘पुन्ना लाव,’’ इंदूबाई म्हणाल्या. तिनं पुन्हा लावलं.